रत्नाक्कांची खुशाली

‘दम लागतो का?’ असं मी विचारलं, तर रत्नाक्कांनी फोन सरळ म्हशीच्या तोंडापुढं धरला.

‘ऐक. दम हिला लागतोय. मला कशाचा दम?’

फोनमधून म्हैस अशी काही फुसफुसली की मी कान बाजूला घेतला. मग आक्कांचं हसू ऐकू आलं. मी समोरच्या कागदावर ‘दम लागणे’ याच्या पुढं ‘नाही’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

हे माझं काम होतं. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात, लिफ्टच्या मागं, जिथं पूर्वी जुन्या एक्स-रे फिल्म रचून ठेवायचे त्या खोलीत मी बसायचे आणि लोकांना फोन करून त्यांच्या हृदयाची खबर घ्यायचे. ऐकायला मोठं नाजूक वाटतं. प्रत्यक्षात चक्कर येते का, दम लागतो का, छातीत धडधडतं का, पाय सुजतात का, मांडीची जखम ठणकते का, एवढंच. सगळ्याला ‘नाही’ आलं की पुढचा नंबर फिरवायचा.

आमच्या बोरगावकर सरांनी तेव्हा नव्या जातीचे पेसमेकर बसवायला घेतले होते. पेसमेकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं येते ती खांद्याखाली कातडीच्या आत बसवलेली काडेपेटीएवढी डबी आणि तिथून हृदयापर्यंत गेलेली तार. या नव्यात डबीही नव्हती आणि तारही नव्हती. करंगळीच्या पेराएवढं एक कॅप्सूल मांडीच्या शिरेतून वर न्यायचं आणि थेट हृदयाच्या आत अडकवून ठेवायचं. छातीवर टाका नाही की उंचवटा नाही. आपल्याकडं तेव्हा ते फार थोड्यांना बसवलेलं होतं. त्यात काही धोका नाही ना, आणि आपल्याकडच्या हॉस्पिटलांत ते नीट जमतंय ना, हे बघायला एक अभ्यास चालू होता, त्यात आम्ही होतो. पेशंटला मशीन फुकट. बदल्यात त्यानं माझ्या महिन्याच्या फोनला उत्तर द्यायचं आणि सहा महिन्यांनी येऊन मशीन तपासून घ्यायचं.

रत्नाक्का मगदूम त्यातल्याच एक. सत्तरी ओलांडलेली बाई, कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर मळ्यातल्या घरात एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा सन्मती वापीला रंगाच्या कारखान्यात होता. आक्कांना आधी ती जुनी डबी बसवलेली होती. ओझं उचलू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, पण आक्कांच्या मते उसाच्या वाढ्याचा भारा हे ओझं नव्हतंच, ते म्हशीचं जेवण होतं. भारा डोक्यावर आणि त्याचा दोर खांद्यावरून छातीवर ओढून धरलेला, असं रोजचं. दोर घासून घासून डबीवरची कातडी फाटली, आत पू झाला आणि शेवटी डबीच काढून टाकावी लागली. सन्मती त्या वेळी आला तो घराला कुलूप घालायच्या तयारीनंच आला होता. आक्कांनी रडून-भांडून त्याला परत पाठवलं, पण शब्द द्यावा लागला की पुन्हा काही झालं तर मुकाट्यानं वापीला येईन. मग त्यांना आमचं हे आतलं मशीन बसवलं. ‘आता घासू दे काय घासायचं ते,’ असं म्हणत त्या हॉस्पिटलातून घरी गेल्या होत्या, असं वॉर्डातल्यांकडून ऐकलं; मी त्यांना बघितलं नव्हतं.

आक्का जैन. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण आटपलेलं असायचं. जेवणानंतर धारेला बसायच्या आधी त्या जरा टेकायच्या, तेव्हा मी फोन करायचे. त्यांचा नंबर मी शेवटचा ठेवत असे, कारण त्यांच्यानंतर मला घरी जावं लागायचं आणि घरी जायची मला काडीची घाई नव्हती.

माझं घर म्हणजे दोन खोल्या आणि दारावर शिरीषच्या नावाची पाटी. शिरीष माझा नवरा. त्याची नाशिकला बदली झाली, मी मागून जायचं ठरलं होतं. आधी तिथं जागा मिळत नव्हती, मग जागा मिळाली तर रंग द्यायचा होता, मग रंग दिला तर पाण्याचं काहीतरी होतं. शेवटी एक दिवस त्यानं फोनवर सांगितलं की येऊ नकोस. तिथं दुसरी बाई होती. आमचं धड भांडणही झालं नाही. भांडायचं तरी समोर माणूस लागतं. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात नाही, घरमालकिणीला नाही, कऱ्हाडला आईवडिलांनाही नाही. वडिलांना बीपी, आईचे गुडघे गेलेले, त्यात माझं आणखी कशाला. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलं की सकाळी ज्या जागी कप ठेवलेला असायचा त्याच जागी तो असायचा, आणि मला त्या कपाचा असा राग यायचा की काय सांगू.

आक्का मात्र दर वेळी विचारायच्या, ‘मालक आले का घरी?’

‘येतील आता.’

‘काय करणार रातच्याला?’

‘थालीपीठ.’

‘आवडतं व्हय त्यास्नी?’

‘फार.’

ज्या माणसानं माझ्या हातचं थालीपीठ कधी पुरतं संपवलं नाही, त्याला मी फोनवर गरम गरम वाढत होते. वर लोण्याचा गोळासुद्धा घालत होते. आक्का म्हणायच्या, ‘बरं हाय, बरं हाय,’ आणि मग म्हशीचं, विहिरीच्या मोटारीचं, शेजारच्या मळ्यातल्या बापूच्या बायकोचं असं सगळं सांगत बसायच्या. हळूहळू महिन्याचा फोन पंधरवड्यावर आला, मग आठवड्यावर. कागदावरच्या चौकटी महिन्यातून एकदाच भरायच्या, बाकी नुसत्याच गप्पा. कधी मी विसरले तर त्यांचा मिस्ड कॉल यायचा. त्या सगळ्या महिन्यांत मला माझ्या खुशालीचं विचारणारं ते एकच माणूस होतं, आणि त्यालाही मी खोटंच सांगत होते.

सहा महिने भरले तसे पेशंट तपासायला येऊ लागले. छातीवर एक यंत्र धरायचं, आतल्या कॅप्सूलशी त्याचं बोलणं व्हायचं, पडद्यावर रेघा उमटायच्या आणि सर मान डोलवायचे. सगळ्यांचं उत्तम होतं. सर खुशीत होते. मुंबईला डॉक्टरांचं मोठं संमेलन होतं, तिथं त्यांना आमच्या हॉस्पिटलचं सांगायचं होतं. आपल्या एकाही पेशंटला त्रास नाही, हे वाक्य ते माझ्यादेखत कितीदा तरी म्हणाले.

आक्का काही येईनात. आधी म्हैस गाभण होती, तिला टाकून कसं येणार. मग म्हैस व्याली, आता तर मुळीच जमेना. मग रेडकाला हगवण लागली. मी चेष्टा केली, म्हटलं, आक्का, रेडकाला घेऊन या, त्याचंही तपासू. त्या हसल्या. पण हसणं मधेच संपलं, दम पुरला नाही तसं. मी विचारलं तर म्हणाल्या, तंबाखूची मिश्री तोंडात हाय.

आक्का मिश्री लावत नव्हत्या. त्यांनीच मला एकदा ठसक्यात सांगितलं होतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात ते झालं. आक्का बापूच्या बायकोची गोष्ट सांगत होत्या. तिनं भिशीच्या बायकांना जेवायला बोलावलं आणि आमटीत मीठच घातलं नाही, आणि बायका काय म्हणाल्या, तर... एवढ्यावर आवाज थांबला. काहीतरी धातूचं आपटलं, घरंगळत गेलं. म्हैस ओरडली. मी ‘आक्का, आक्का’ म्हणत राहिले. लिफ्टचं दार उघडल्याचा, मिटल्याचा आवाज माझ्या पाठीमागं येत होता आणि फोनमधून फक्त म्हशीच्या साखळीचा.

मग अगदी शांतपणे आवाज आला, ‘हां, तर त्या काय म्हनल्या...’

‘आक्का, काय झालं आत्ता?’

‘कुठं काय? बादली लवंडली.’

‘तुम्ही पडलात.’

‘मी कशाला पडू? फोन पडला हातातनं. मला कसलाबी त्रास न्हाई बग. लिही तुझ्या कागदावर.’

मी लिहिलं नाही. तशीच उठून सरांच्या केबिनमध्ये गेले. खरं सांगते, मला वाटलं होतं ते उडवून लावतील. संमेलन तोंडावर आलं होतं आणि पेशंट स्वतःच नाही म्हणतोय. पण सरांनी हातातलं सगळं खाली ठेवलं आणि पहिलं विचारलं ते, ‘किती वेळ आवाज नव्हता?’ मग म्हणाले, तिचं स्वतःचं हृदय अधूनमधून थांबतं, मशीनचा ठोका पोचत नसला तर पुढची चक्कर शेवटची असू शकते. तिला आणा. येत नसली तर मुलाला कळवा, तो उचलून आणेल.

मुलाला कळवलं की त्या घराला कुलूप पडणार, हे मला माहीत होतं. मी सरांना म्हटलं, उद्या मी स्वतः जाऊन येते, त्यांना घेऊनच येते. त्यांना ते पसंत नव्हतं, पण तेवढी मुदत त्यांनी दिली. रात्रीपर्यंत आणली नाहीत तर मीच वापीला फोन लावणार, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं मी त्या गावाला उतरले. मळ्याकडं जाणारी वाट उसातून होती. इतके महिने जे नुसतं कानानं ऐकलं होतं, ते समोर आलं. विहीर, गोठा, दारातलं लिंबाचं झाड. आक्का सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड बाई धरून चालले होते. ह्या तर चिमणीएवढ्या होत्या. मला बघून त्या भिंतीला धरून उठल्या.

‘कांचन?’ आवाजावरून नाही, मी काही बोललेच नव्हते अजून. कशावरून ओळखलं कोण जाणे.

त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग बळंच जेवायला बसवलं. दिवस कलायला आला होता, त्यांचीही वेळ झालेली. भाकरी, वांग्याची भाजी, दही. वाढताना त्या एका हातानं सारखा पदर कपाळावर ओढत होत्या. त्या भाकरी टाकायला चुलीकडं वळल्या तेव्हा पदर सरकला. कपाळावर भुवईच्या वर काळंनिळं झालं होतं आणि मनगटापासून वर भाजल्याचा डाग होता.

‘हे काय?’

‘म्हशीनं शिंग मारलं.’

‘आणि म्हशीनं चटका पण दिला?’

त्या हसल्या नाहीत. ‘जेव तू. निवल ते.’

मी ताट पुढं ढकललं आणि एकेक प्रश्न विचारला, जे इतके महिने विचारत होते तेच. चक्कर येते का. न्हाई. डोळ्यापुढं अंधार येतो का. न्हाई. मी म्हटलं, काल तुम्ही पडलात ते मी ऐकलंय. बादली हुती. मी सरांचं नाव घेतलं, मशीन बिघडलं असेल म्हणाले, जिवाला धोका आहे म्हणाले. त्यांनी चुलीतली राख पुढं ओढली, मागं सारली. मग सन्मतीचं नाव घेतलं. तेव्हा फक्त त्यांचा हात थांबला, पण उत्तर तेच. मला इतका संताप आला की रडूच आलं. एवढी मी वाट तुडवत आले, सूर्य खाली चाललाय, रात्री सर वापीला फोन लावणार, आणि ही बाई चुलीपुढं बसून माझ्याशी तोंड भरून खोटं बोलतेय.

माझे डोळे भरलेले बघून त्या घाबरल्या. विषय बदलायचा म्हणून त्यांनी नेहमीचंच विचारलं, ‘मालकास्नी सांगून आलीस न्हवं? वाट बगतील.’

आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

‘कुणी वाट बघत नाही, आक्का. तो नाशिकला असतो. दुसऱ्या बाईबरोबर. दोन वर्षं व्हायला आली. मी एकटीच राहते.’

पहिल्यांदाच ते वाक्य मी मोठ्यानं बोलले होते. बोलल्यावर मी तिथंच, जेवणाच्या ताटापुढं, पदरानं नाक पुसत रडले. आक्कांनी तवा उतरवला, हात धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

‘मला ठावं हुतं,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘नवरा घरात यायचा आसंल तर बाई दिवेलागणीला येवढा वेळ फोनवर बोलत बसत न्हाई. पयल्या म्हयन्यातच कळलं मला.’

‘मग विचारलं का नाहीत?’

‘तू सांगत न्हवतीस ते मी कशाला उकरू? आन् लेकीला कुनी वंगाळ निरोप धाडतं का गं? माझी आई तापानं फणफणली तरी मला सासरी सांगावा यायचा, आई बरी हाय. माझं दुखलं-खुपलं मीबी तिला कवा कळवलं न्हाई. तुजं तर सासरबी न्हाई, म्हायार कऱ्हाडला. तिकडं एकटी कुढत बसलीयास, त्यात माजं वझं तुज्यावर टाकू?’

इतके महिने मी त्यांना सांभाळतेय असं मला वाटत होतं, आणि ही बाई जीव जायची वेळ आली तरी मला काळजी नको म्हणून गप्प बसली होती. इतकं कुणी माझ्यासाठी कधी केलं नव्हतं, आणि ते नेमकं तिला मारणार होतं.

‘आक्का,’ मी म्हटलं, ‘मी सांगितलं. आता तुम्ही सांगा.’

त्यांनी दाराबाहेर बघितलं. गोठ्यात रेडकू आईला ढुशा देत होतं.

‘डोळ्यापुढं अंधार येतुया,’ त्या म्हणाल्या. ‘आदी कवातरी यायचा. आता रोज. परवा चुलीवर पडले, हात त्या विस्तवात. त्याच्या आदी गोठ्यात पडले तवा किती येळ पडले हुते त्याचाबी पत्त्या न्हाई. जाग आली तवा म्हस तोंड चाटत हुती.’

मग म्हणाल्या, ‘सन्मतीला कळवशील?’

‘कळवावं लागेल.’

‘कळव,’ त्या म्हणाल्या. आणि उठून, भिंत धरत धरत, बापूच्या बायकोला धारेचं सांगायला गेल्या. जाताना त्यांनी मला ताट पुरं करायला सांगितलं, म्हणून मी ते गार झालेलं जेवण जेवले.

बापूनंच त्याच्या जीपमधून आम्हाला मिरजेला आणून सोडलं. वाटेत त्यांना एकदा चक्कर आली. त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली, अंग सैल झालं आणि मी त्यांचं मनगट धरून बसले. नाडी लागत नव्हती. मग लागली. बापूला मी फक्त लवकर चला म्हटलं.

हॉस्पिटलात सरांनी त्यांच्या छातीवर यंत्र धरलं. कॅप्सूल जिथं बसवलं होतं तिथंच होतं, जागचं हललेलं नव्हतं. पण त्याचा धक्का हृदयाला पुरत नव्हता, मधले मधले ठोके रिकामे जात होते. रेघेवर ते मलासुद्धा दिसत होते. सरांनी पडद्यावरून धक्क्याचा जोर वाढवला. कुठं कापणं नाही, टोचणं नाही, आक्कांना काही कळलंही नाही. रिकामी जागा भरत गेली आणि रेघ ओळीनं चालू लागली. सरांनी खुर्चीला पाठ टेकली. ‘बॅटरी लवकर संपेल,’ म्हणाले, ‘आणि पुन्हा असं झालं तर दुसरं बसवावं लागेल. पण आज वाचली.’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘कांचन मॅडम, जसंच्या तसं लिहा. संमेलनातही हेच सांगणार मी.’ आणि त्यांनी तसंच सांगितलं.

सन्मती दुसऱ्या दिवशी आला. मी त्याचा राग करायची तयारी ठेवली होती, पण तो तसा माणूसच नव्हता. मऊ बोलणारा, डोळे रात्रभर न झोपल्यानं लाल झालेले. त्यानं मला हात जोडले. तुमच्यामुळं आई वाचली, म्हणाला. आईला घेऊन चाललोय, म्हशीचं बापूशी बोललोय, ते रेडकासकट ठेवून घेतील.

मी त्याला बाजूला घेतलं. सांगितलं की मशीन आता व्यवस्थित आहे, घरी कुणी बाई सोबतीला ठेवली, मी रोज फोन केला, तर त्या मळ्यात राहू शकतील. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

‘तुमची आई असती तर तुम्ही ठेवली असती?’

कऱ्हाडला माझी आई होती आणि तिला माझं काहीही माहीत नव्हतं.

आक्का त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलल्या नाहीत. शब्द दिला होता, तो पाळला. निघताना व्हीलचेअरवर बसवलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. ‘कऱ्हाडला जाऊन ये,’ एवढंच म्हणाल्या. गाडी गेटबाहेर गेली आणि मी लिफ्टच्या मागच्या खोलीत येऊन बसले. समोर फोन होता आणि लावायचे नंबर होते. त्या दिवशी मी एकही लावला नाही.

पुढच्या रविवारी मी कऱ्हाडला गेले आणि आईला सगळं सांगितलं. आई रडली, मग चिडली, मग आत जाऊन शिरा करायला लागली. वडिलांचं बीपी वाढलं नाही. हे आधी का केलं नाही, असं मला अजूनही कधी कधी वाटतं. घरी परतताना मात्र डब्यात शिरा होता आणि खोलीत कुणी नव्हतं. त्यात काही फरक पडला नव्हता.

अभ्यास पुरा होऊन निबंध छापून आला. मशीन सुरक्षित आहे, आपल्याकडं ते जमतं, असा त्याचा निकाल. तो खरा आहे. आक्का त्यात अर्ध्या ओळीत आहेत, नाव न घेता. त्यांचं मशीन पुढंही नीट चाललं, सुरतेच्या डॉक्टरांनी वेळोवेळी तपासलं, दुसरं बसवायची पाळी आली नाही. त्या पुष्कळ जगल्या.

त्या वापीला गेल्यानंतरचा महिन्याचा पहिला फोन मी त्याच वेळेला केला, त्यांचं जेवण झाल्यावर. सुनेनं उचलला, आक्कांकडं दिला. मी कागद पुढं ओढला. चक्कर येते का, विचारलं. ‘न्हाई गं, खरंच न्हाई.’ दम? नाही. धडधड, सूज, काही नाही. या वेळी सगळं खरं आहे हे मला आवाजावरून कळत होतं. चांगली झालेली होती ती बाई. मी सगळीकडं ‘नाही’ लिहिलं. पुढं काही विचारायचं उरलं नव्हतं.

‘सातवा मजला हाय,’ आक्का म्हणाल्या. ‘सून लई चांगली हाय. नातू गुजरातीत बोलतो, मला काय कळत न्हाई.’

‘हं.’

‘कांचन.’

‘बोला की.’

‘मला हितं करमत न्हाई गं.’

सरांकडं न्यावं असं त्यात काही नव्हतं. सन्मतीला कळवावं असंही नव्हतं. इतक्या महिन्यांत त्यांनी आपण होऊन मला सांगितलेला तो पहिला त्रास होता आणि त्यावर माझ्याकडं करण्यासारखं काहीच नव्हतं.

‘मलाही नाही, आक्का,’ मी म्हटलं.

‘व्हय,’ त्या म्हणाल्या.

पलीकडं कुणीतरी टीव्ही लावला होता, त्याचा आवाज येत होता. ‘ठेवू का?’ असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.